कंसमामांचे चार रकाने

मामांना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या ऑफिसात अकरा खुर्च्या, त्यांत सगळ्यात कमी झिजलेली मामांची. सकाळी आले की बॅग टेबलावर, डबा खिडकीत आणि मामा पाण्याच्या फिल्टरकडे. तिथून जिन्याच्या दारापर्यंत, दारापासून परत. मधेच घरी फोन. "गॅस बंद केलास ना? नाही, पुन्हा बघून ये. मी थांबतो." पलीकडून मामी काय म्हणत ते आम्हाला ऐकू येत नसे, पण मामा फोन कानापासून हातभर लांब धरत, त्यावरून अंदाज यायचा.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली चपलांचं दुकान. जिन्यात कायम गोंदाचा वास. आम्ही कॉम्प्युटरवर भरायचे फॉर्म बनवतो. कुणाला ग्रंथालयासाठी, कुणाला हॉस्पिटलसाठी. माणसाने भरलेली माहिती आत घ्यायची की परत पाठवायची हे ठरवणारा भाग मामा जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहीत, आणि तो नीट चालतो का हे मी तपासायची. मी टेस्टर. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हाच माझा धंदा, त्यामुळे जीभ थोडी जास्तच चालते. घरचेही तेच म्हणतात.

मामांना अटी लिहिताना कंस घालायची भारी हौस. हे किंवा ते, आणि शिवाय तेही, असं काही आलं की प्रत्येक तुकड्याला कंस, मग सगळ्याला मिळून एक मोठा कंस. एकदा मी त्यांच्या एका ओळीत अकरा जोड्या मोजल्या आणि भर ऑफिसात ओरडले, "हे नुसते मामा नाहीत हो, हे कंसमामा!" सगळे खो खो हसले. मामाही हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. ते मी ठेवलं हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते माझ्याच अंगाशी येणार आहे.

मामांचं वय सत्तावन्न. चाळिशीपर्यंत ते एका कारखान्यात वायरमन होते. कारखाना बंद पडला तेव्हा दोन महिने घरात येरझाऱ्या घालत होते. त्यांची थोरली बहीण, अक्का, त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तिने कॉम्प्युटरच्या क्लासचा फॉर्म आणला, स्वतःच भरला आणि म्हणाली, "सही कर. फेऱ्या मारून मारून फरशी झिजवलीस, आता जरा डोकं झिजव." ही गोष्ट मामा आम्हाला महिन्यातून एकदा तरी सांगत. एकदा त्यांनी अक्कांशी फोनवर माझंही बोलणं करून दिलं होतं. एकाहत्तरी गाठलेली बाई, पण आवाज असा खणखणीत की मी खुर्चीत ताठ बसले.

वायरमनच्या कामातली, दोन्ही बटणं सगळ्या तऱ्हांनी दाबून बघायची सवय मामांना राहिली होती. अट लिहून झाली की ते पाठकोऱ्या कागदावर चार रकाने आखत. दोन प्रश्नांची हो-नाही उत्तरं चारच तऱ्हांनी येऊ शकतात. हो-हो, हो-नाही, नाही-हो, नाही-नाही. प्रत्येक रकान्यात बोट ठेवून मामा मोठ्याने बोलत, "इथे काय व्हायला हवं? इथे काय होतंय?" चारही बरोबर आले की मगच कागद टोपलीत.

नवीन मुलगी लागली कामावर की तिला मांजराचं ऐकवत. "घराचं पुढचं दार किंवा मागचं दार उघडं असलं की मांजर आत येतं. बरोबर? मग मांजर येऊ नये म्हणून काय हवं? पुढचं बंद किंवा मागचं बंद म्हणून भागेल का? पुढचं बंद आणि मागचंही बंद हवं. अट उलटी केली की 'किंवा'चं 'आणि' करायचं. हे विसरलीस की दूध गेलंच म्हणून समज." मी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की मांजर म्हटलं तरी मला जांभई यायची.

आता त्या फॉर्मकडे येते. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने म्हाताऱ्या माणसांकडे नर्स पाठवायची सोय सुरू केली होती. घरी येऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शन द्यायचं, रक्तदाब बघायचा. नियम सोपा. माणूस एकटा राहत असेल, किंवा त्याला चालताना आधार लागत असेल, तर अर्ज घ्यायचा. दोन्हींपैकी काहीच नसेल तरच नाही म्हणायचं. मामांनी ओळ लिहिली:

जर !(एकटे || आधार) तर नाकार.

उद्गारचिन्ह म्हणजे 'नाही', दोन उभ्या रेषा म्हणजे 'किंवा'. एकटे किंवा आधार लागणारे, यांपैकी कुणीच नसेल तर नाकार. चोख काम. चार रकाने आखून झाले, कागद टोपलीत गेला.

आमचे टीम लीड मामांपेक्षा पंचवीस वर्षांनी लहान. त्यांना आम्ही पाठीमागे नीटनेटके म्हणतो. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात. त्या आठवड्यात त्यांनी कोड साफ करायची मोहीम काढली होती. मीटिंगमध्ये त्यांनी मामांची ओळ भिंतीवर मोठी करून दाखवली आणि म्हणाले, "बाहेर उद्गारचिन्ह, आत कंस. वाचताना अडखळायला होतं. हे मोकळं करता येणार नाही का?"

मला कुणी विचारलं नव्हतं. तरी मी बोलले. "मामा, आता कंसाचा वध कराच!"

हशा झाला. या वेळी मामा हसले नाहीत. कान लाल झाले त्यांचे. तडक जागेवर गेले आणि उभ्याउभ्याच ती ओळ बदलली. उद्गारचिन्ह कंसातून आत नेलं, दोघांना एकेक वाटून दिलं. मधल्या दोन उभ्या रेषा तशाच राहिल्या.

जर (!एकटे || !आधार) तर नाकार.

एकटा नसेल तरी नाकार, आधार लागत नसेल तरी नाकार. म्हणजे आता अर्ज घेतला जायला दोन्ही गोष्टी हव्या होत्या. एकटाही हवा आणि चालताही न येणारा हवा. ज्या माणसाने आयुष्यभर मांजराची गोष्ट सांगितली, त्याने स्वतःच्या घराचं एक दार उघडं टाकलं. आणि त्या दिवशी त्यांनी चार रकाने आखले नाहीत. मी टोपलीत नंतर बघितलं म्हणून सांगते असं नाही. मी समोरच बसले होते, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होते.

तपासायला तो फॉर्म माझ्याकडे शुक्रवारी आला. मी हो-हो भरून बघितलं, अर्ज घेतला. नाही-नाही भरून बघितलं, अर्ज नाकारला. म्हटलं, चाललं. दोन टोकं बरोबर आहेत तर मधलं कुठे जातंय? चारपैकी दोन रकाने तपासले, 'ठीक' असा शेरा मारला आणि घरी गेले. माझी चूक मामांच्या चुकीपेक्षा लहान नाही. त्यांच्या हातून नजरचुकीने झालं, मी कंटाळा केला.

पाच महिने काहीही झालं नाही. मग एका बुधवारी सकाळी हॉस्पिटलच्या मुख्य नर्सबाई दुसऱ्या कुठल्याशा फॉर्मच्या कामाला आल्या. नीटनेटक्यांनी त्यांना चहा दिला. बाई खुशीत होत्या. "तुमचा तो घरी नर्स पाठवायचा फॉर्म म्हणजे कमाल आहे हो. फालतू अर्ज येतच नाहीत. जो येतो तो एकटा आणि अंथरुणाला खिळलेला. हिंडतंफिरतं माणूस अजून एक बघितलं नाही. माझ्या हाताखालच्या तीन नर्स मुली तर दुपारच्या मोकळ्याच असतात."

नीटनेटके हसले. मीही हसले. मामा फिल्टरकडून परत येत होते, ते वाटेतच थांबले.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"एकटं राहणारं, पण चालणारं, असं एकही म्हातारं माणूस या शहरात नाही?"

बाईंचा कप बशीवर टेकला. मामा जागेवर गेले. मी त्यांच्या मागे गेले. त्यांनी ओळ उघडली. वाचली. पुन्हा वाचली. कागद ओढला, चार रकाने आखले आणि दुसऱ्यात बोट ठेवून नेहमीसारखं मोठ्याने बोलायला गेले, "इथे काय व्हायला..." उठले, दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

"टेस्टरबाई," ते म्हणाले, "तू हा रकाना बघितला होतास?"

"नाही."

"मीही नाही."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, तशी चिडले. नीटनेटके म्हणाले, "एक चिन्ह तर बदलायचंय. सोमवारच्या बदलांबरोबर पाठवू." तर मी त्यांच्यावरच खेकसले, "सोमवारपर्यंत आणखी कितीजणांना नाही म्हणायचं?"

मामांनी वाद घातला नाही. कंस परत घातला, उद्गारचिन्ह बाहेर काढलं. मग मला शेजारी बसवून चारही रकाने भरून घेतले. हो-हो, घेतला. हो-नाही, घेतला. नाही-हो, घेतला. नाही-नाही, नाकारला. बारा वाजायच्या आत नवा फॉर्म चालू झाला.

"झालं तर मग," नीटनेटके म्हणाले.

"कुठे झालं?" मामा म्हणाले. "ज्यांना नाही म्हटलं त्यांना कोण सांगणार?"

"ते भरतील पुन्हा."

"नाही भरणार. पडद्यावर काय येतं माहीत आहे? 'आपण या सेवेसाठी पात्र नाही.' का, ते लिहिलेलं नाही. म्हाताऱ्या माणसाला असं म्हटलं की त्याला वाटतं आपलंच काहीतरी कमी आहे. पाच महिन्यांत एक तरी तक्रार आली का?"

आली नव्हती. या गोष्टीचा मला सगळ्यात राग येतो. फॉर्मने भलत्याच माणसाला आत घेतलं तर दहाजण बोंब मारतात. फॉर्मने योग्य माणसाला हाकललं तर तो माणूस गप्प घरी बसतो.

नाकारलेले अर्ज आम्ही ठेवत नाही. पण मामांनी सवयीने एक सोय करून ठेवली होती. प्रत्येक नकाराची एक ओळ वेगळ्या फाइलमध्ये उतरायची, तारीख, फोन नंबर आणि दोन उत्तरं. नाव नाही. या फाइलवरूनही मी त्यांना छळलं होतं, की मामा गॅसचा फोनही यात नोंदवतात. एकशे त्रेचाळीस ओळी निघाल्या. त्यांतले ब्याऐंशी नाही-नाहीवाले, त्यांना नकार बरोबरच होता. उरले एकसष्ट.

नर्सबाई अजून बसून होत्या. चहा निवला होता. त्या म्हणाल्या, "फोन करा. आत्ताच करा. पाच महिने झालेत, तेव्हा दोन्ही प्रश्न नव्याने विचारा आणि अर्ज तिथल्या तिथे भरून टाका. माझ्या मुली उद्यापासून जातील."

मामांनी यादी छापून घेतली आणि उभ्यानेच बोट फिरवत खाली आले. अडतिसाव्या ओळीवर बोट थांबलं. उत्तरं होती हो आणि नाही. तारीख चार महिन्यांपूर्वीची.

"ओळखीचा नंबर आहे?" मी विचारलं.

"अक्का," मामा म्हणाले.

ते फिल्टरपाशी गेले. ग्लास भरला, न पिता ठेवला. दर रविवारी ते तिला फोन करत, दीड-दोन महिन्यांनी दोन बस बदलून भेटून येत. फॉर्म भरल्याचं ती त्यांना एका शब्दानेही बोलली नव्हती.

"आधी तिला लावा," मी म्हटलं.

"सदतीसजण आहेत तिच्या आधी."

"मामा, बहीण आहे तुमची!"

"ते सदतीसजण पण कुणाचे तरी आहेत. नंबर येईल तेव्हा."

अशा माणसापुढे डोकं आपटून काही होत नाही. मी यादी मधोमध फाडली. तीसपर्यंतचे त्यांचे, एकतीसपासून माझे. टेबलाच्या मधोमध त्यांनी एक कोरा कागद ठेवला, त्यावर चार मोठे रकाने आखले. ज्याचं जे उत्तर येईल त्या रकान्यात एक रेघ मारायची. मामा फोनची वायर ताणून जाईल तिथपर्यंत फेऱ्या मारत बोलू लागले. मी बसून बोलत होते, पण माझा पाय टेबलाखाली थांबत नव्हता.

एकतिसावे आजोबा म्हणाले, "मी समजलो, मला चष्मा लागलाय म्हणून काहीतरी चुकीचं दाबलं असेल." बत्तिसावा नंबर लागला नाही. तेहतिसाव्या बाई आता मुलाकडे राहायला गेल्या होत्या, त्यांची रेघ चौथ्या रकान्यात. चौतिसाव्याने मला भरपूर शिव्या घातल्या आणि मला बरं वाटलं. पस्तिसाव्या बाई तीन वेळा विचारत राहिल्या, "म्हणजे मी पात्र आहे? नक्की ना?" पलीकडे मामा प्रत्येकाला एकच वाक्य म्हणत होते, "चूक आमची होती, तुमची नव्हे." दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात रेघांवर रेघा चढत होत्या. पहिला रकाना कोरा होता, आणि ते साहजिकच होतं. हो-होवाल्यांना आमच्या फॉर्मने कधी हाकललंच नव्हतं.

अडतिसावा नंबर लावताना मी मामांकडे पाठ केली.

"नमस्कार, बोला." तोच खणखणीत आवाज. मी ओळख सांगितली.

"अगंबाई, तूच का ती टेस्टरबाई! तो सारखं सांगत असतो, एक चूक म्हणून सुटत नाही तुझ्या हातून."

मी सगळं एका दमात सांगितलं. फॉर्म चुकला होता, तुम्ही पात्र होता, तेव्हाच अर्ज घ्यायला हवा होता.

"माझ्या भावाचा फॉर्म चुकला?"

"हो अक्का. त्यांचाही आणि माझाही."

"काहीतरीच काय बोलतेस. अगं, शेजारीण मला म्हणाली होती, चालायला आधार लागतो असं ठोकून दे, मग घेतील. मी म्हटलं, भावाच्या फॉर्ममध्ये मी खोटं लिहू? त्याने बनवलाय म्हणजे दहा वेळा तपासला असणार. तो नाही म्हणतोय तर नियमच तसा असणार. म्हणून तर मी पुन्हा भरला नाही."

मी पेन घट्ट धरलं. प्रश्न विचारायलाच हवे होते.

"एकट्या राहता?"

"हो."

"चालताना आधार लागतो?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तेव्हा नव्हता लागत," अक्का म्हणाल्या. आवाज आता खणखणीत नव्हता. "जोडा चावला होता गं, डाव्या पायाला. साखर आहे ना मला, जखम भरेना. खाली आरसा ठेवून मीच पट्टी बांधायची, जमेल तशी. चिघळत गेलं. मागच्या महिन्यात करंगळी काढली. त्याला सांगितलं नाही. दोन दिवस फोन बिघडलाय म्हणून थाप मारली, मी, एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई. तूही सांगू नकोस. लहानपणापासून त्याचं असंच आहे, काही झालं की हात थरथरायला लागतात, मग दिवसभर काही सुधरत नाही त्याला."

"मग आता...?"

"आता काठी लागते. लिही, हो."

मी अर्ज भरला. पडद्यावर 'अर्ज स्वीकारला' असं आलं. हा अर्ज आमच्या चुकलेल्या फॉर्मनेसुद्धा घेतला असता. आता त्याला नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं. उद्या सकाळी नर्स येईल असं मी अक्कांना सांगितलं, फोन ठेवला, आणि रेघ मारायला हात नेला तेव्हा लक्षात आलं की ती कुठे मारायची आहे. खोटी रेघ मारावी असं मनात आलं. खरंच आलं. पण आज तरी मला ते जमलं नाही. मी पहिल्या रकान्यात रेघ मारली.

मान वर केली तर मामा टेबलाच्या पलीकडे उभे. कानाला फोन, कुणाशी तरी बोलणं चालूच. नजर कागदावर, मग माझ्या बोटाखालच्या अडतिसाव्या ओळीवर, मग पुन्हा कागदावर. कोऱ्या रकान्यातली ती एकच रेघ त्यांनी बघितली. पलीकडच्या माणसाला त्यांनी नीट सांगितलं, "हो काका, उद्या नक्की येतील. चूक आमची होती, तुमची नव्हे." फोन ठेवला.

"काठी की वॉकर?" त्यांनी मला विचारलं.

"काठी," मी म्हटलं.

मामांनी खुर्ची ओढली आणि बसले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, तरी खांदे हलत होते. त्यांच्या यादीतले वीसएकजण उरले होते. मी तो कागद माझ्याकडे घेतला आणि पुढचा नंबर लावला.